जावईबापू विभागात पहिले

मेडिसिन विभागाचा पहिल्या तिमाहीचा निकाल फोनवर आला आणि जावईबापू विभागात पहिले आले, तेव्हा सगळ्यांत जास्त धक्का बसला तो खुद्द जावईबापूंना. त्यांनी फोन बंद करून पुन्हा चालू केला. निकाल तोच. मग त्यांनी तो शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला दाखवला. पेशंटनेही आधी चष्मा पुसून घेतला, कारण आदल्याच दिवशी या डॉक्टरांनी त्याच्या प्लॅस्टरमधल्या पायाचे रिफ्लेक्स तपासून ‘नॉर्मल’ असं लिहिलं होतं.

आणि यादीच्या तळाशी, लाल रंगात, चिमणी होती. चिमणी म्हणजे तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर. अंगाने एवढीशी, आवाज बारीक, पण वॉर्डाच्या दारात उभं राहून कोणाचा श्वास बिघडलाय ते सांगणारी. “चिमणी ड्यूटीवर असली की मी डबा निवांत खाते,” असं वॉर्डाच्या सिस्टर म्हणत, आणि सिस्टरनी कोणाला उगाच चांगलं म्हटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

नियम साधा होता. दुसऱ्या तिमाहीतही जो लाल, त्याला वर्षअखेरच्या परीक्षेला बसता येणार नाही. चिमणीच्या गावच्या दवाखान्यात फिजिशियनची खुर्ची कितीतरी वर्षं रिकामी होती, आणि गावाने ती आता तिच्यासाठी धरून ठेवली होती. परीक्षा हुकली की वर्ष जाणार, आणि वर्षाबरोबर खुर्चीही जाणार.

हे असं उलटंपालटं का झालं ते कळायला मोठ्या सरांची तऱ्हा ठाऊक हवी. मोठे सर म्हणजे विभागप्रमुख. आज तो जुना वॉर्ड आठवला की आधी सरांचा आवाजच आठवतो. उंच छत, दोन्ही बाजूंना लोखंडी खाटा, खिडक्यांतून तिरपं येणारं सकाळचं ऊन, स्पिरिटचा वास, आणि त्या सगळ्यावरून गडगडत जाणारं, “अरे ठोंब्या, बोटं पोटावर ठेव, पोटात खुपसू नकोस!” सरांचा हिशेब सरळ होता. ज्याच्याकडून आशा, त्याच्यावर तोफ. पहिल्या वर्षी माणूस ‘ठोंब्या’ असायचा. दुसऱ्या वर्षी बढती मिळून ‘गाढव’ व्हायचा. तिसऱ्या वर्षी एखाद्या भाग्यवंताला “तुला डॉक्टर केला कोणी?” असा सवाल यायचा, आणि त्या दिवशी वॉर्डात त्याच्याकडून सगळे चहा उकळायचे. घरी फोन जायचे. “आई, सरांनी आज मला गाढव म्हटलं!” आणि पलीकडून आई म्हणायची, “देव पावला गं बाई.”

केस पिकलेले, देशोदेशी पांगलेले जुने विद्यार्थी अजूनही सरांना फोन करायचे. इकडच्यातिकडच्या चौकशा झाल्या की हळूच म्हणायचे, “सर, फार दिवस झाले. जरा रागवा ना.” मग सर यथास्थित रागवायचे, आणि तिकडचा तो मोठा हृदयरोगतज्ज्ञ नाक पुसत फोन ठेवायचा.

पण ज्याची आशा सरांनी सोडली, त्याच्याशी सर गोड बोलत. अगदी मध. “या, बसा. दमलात का? राहू द्या, मी बघतो.” त्यांचं म्हणणं, पाहुण्याला कोणी कामाला लावतं का? घरी जावई आल्यासारखं वागवायचे, म्हणून अशा माणसाचं नाव वॉर्डात ‘जावईबापू’ पडायचं. दर दोनचार वर्षांनी एक तरी जावईबापू निघायचाच. सध्याचे जावईबापू दिसायला राजबिंडे, ॲप्रनला कडक इस्त्री, आणि स्वभावाने गरीब गाय. पहिल्याच आठवड्यात त्यांनी पेशंटच्या स्वेटरवरून स्टेथोस्कोप लावला. सरांनी पाहिलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाले, “तुम्ही बसा.” तेव्हापासून जावईबापू बसलेलेच होते. त्यांना त्याचं वाईट वाटत असे, पण सांगणार कोणाला? कोणी आपल्याशी गोड बोलतं, ही काय तक्रार झाली?

अशा या नांदत्या घरात कान शिरला.

कान म्हणजे ते नवं ॲप. त्याचं खरं नाव लांबलचक होतं. वॉर्डाने पहिल्याच दिवशी त्याचं ‘कान’ करून टाकलं. शिक्षण विभागाच्या मॅडमनी ते आणलं होतं. मॅडम सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. पेशंट तपासणं सोडून आता कार्यालयात बसत होत्या. त्यांनी सगळ्यांना सभागृहात बोलावून समजावून सांगितलं होतं. पूर्वी निवासी डॉक्टरांना गुण मिळायचे ते मास्तरांच्या मर्जीवर. आता तसं नाही. प्राध्यापकांच्या खिशातला फोन दिवसभर सगळं ऐकणार, कोण कोणाशी बोललं ते ओळखणार, प्रोत्साहनाचे शब्द आणि अपमानाचे शब्द वेगळे काढणार, आवाज किती चढला ते मोजणार, आणि आपोआप गुण देणार. हाताने गुण बदलायची सोयच नाही, शेवटी मॅडमची सही तेवढी लागणार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या, कारण तोवर त्यांना डुलकी लागली होती आणि टाळ्यांनीच ते जागे झाले होते.

कान ऐकायचा चोख, पण त्याला थट्टा कळत नसे आणि टोमणा तर मुळीच कळत नसे. सर जावईबापूंना म्हणाले होते, “प्लॅस्टरच्या आतला रिफ्लेक्स तपासलात? वा! कमाल आहे तुमची. धन्य आहात.” कानाने टिपून घेतलं: वा, कमाल, धन्य. पैकीच्या पैकी. त्याच राउंडला सर चिमणीला म्हणाले होते, “गाढव कुठली! रोग ओळखलास, औषध ठरवलंस, आणि पेशंट घरी कोणाबरोबर राहतो ते कोण विचारणार, तुझा काका?” कानाने टिपलं: गाढव, तुझा काका. शून्य. कानामागून आला आणि तिखट झाला म्हणतात, तो हा.

निकाल कळताच सर तरातरा मॅडमच्या खोलीत गेले.

“हे काय चालवलंय हे?” दारातूनच सर गरजले. मग समोर मॅडम आहेत हे लक्षात आलं आणि आवाज आपोआप खाली आला. “म्हणजे, काय म्हणत होतो मी, तुमचं ते यंत्र जरा चुकलेलं दिसतंय.”

“बसा ना सर. चहा सांगू?”

“चिमणी लाल कशी?”

“तुम्हीच केलीत, सर.” मॅडमनी पडदा त्यांच्याकडे वळवला. “शब्द सगळे तुमचेच आहेत. हे बघा. ‘गाढव’. ‘बिनडोक’. ‘अकलेचा कांदा’. हा तर एकाच दिवसात कितीतरी वेळा.”

“अहो, ते कौतुक आहे!”

मॅडम हसल्या. “सर, तुम्ही माझ्याशी किती छान बोलायचात. तसंच तिच्याशी बोला की. दुसऱ्या तिमाहीचे गुण जास्त धरतात, ती सहज वर येईल.”

चहा आला, तो सर खाली बघत पिऊ लागले.

“आणि हो,” मॅडम म्हणाल्या, “वर्षअखेरीला जो पहिला असेल, तो इथे चीफ रेसिडेंट म्हणून राहील. इमर्जन्सी त्याच्या हातात.”

सरांना इमर्जन्सीच्या दारात उभे असलेले जावईबापू दिसले. हसतमुख, कडक इस्त्रीचे, आणि आत आलेल्या प्रत्येकाच्या स्वेटरवर स्टेथोस्कोप ठेवणारे. सरांना चहा गोड लागेना.

वॉर्डात परत येऊन त्यांनी सिस्टरना सगळं सांगितलं. “आता असं करायचं, चिमणीशी गोड बोलायचं आणि त्या जावईबापूवर ओरडायचं.”

“चिमणीला आधी कल्पना देऊन ठेवा, सर. नाहीतर हाय खाईल पोरगी.”

“काय कल्पना देऊ?”

“की तू चांगली आहेस, हे सगळं त्या फोनसाठी चाललंय म्हणून.”

“चांगली आहेस म्हणू? तिच्या तोंडावर?”

“मग काय पाठीवर म्हणणार?”

सर खिडकीशी जाऊन उभे राहिले. “सिस्टर, माझ्या सरांनी मला उभ्या जन्मात चांगला म्हटलं नाही. शेवटच्या आजारात मी त्यांचा हात हातात घेऊन बसलो होतो. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. तर डोळे न उघडता म्हणाले, ‘ठोंब्या, नाडी बघायची तर अंगठा काढ, स्वतःचीच मोजशील.’ तेच त्यांचं शेवटचं बोलणं.” हे सांगताना सरांचा ऊर भरून आला होता. “त्यानंतर आजपर्यंत मी कोणाच्या नाडीला अंगठा लावलेला नाही. आणि तुम्ही म्हणता, चांगली आहेस म्हणा!”

सिस्टरनी कपाळाला हात लावला. तेव्हा कल्पना द्यायचं राहूनच गेलं.

त्या संध्याकाळी सरांनी घरी तालीम केली. काकूंनी चहा पुढे ठेवला. सरांनी एक घोट घेतला, चेहरा हसरा केला आणि म्हणाले, “वा! किती सुरेख चहा केलात हो तुम्ही.”

काकूंच्या हातातला चमचा खाली पडला. “काय होतंय तुम्हाला?”

“काही नाही. फार छान झालाय म्हटलं. दमला असाल. बसा.”

“छातीत दुखतंय का?”

“अगं नाही!”

“मग कसला रिपोर्ट आलाय का? इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यापासून काही लपवलं नाहीत, आताच कशाला लपवता?” काकूंनी डोळ्यांना पदर लावला, सरांच्या कपाळाला हात लावला आणि तिसऱ्या हाताची वाट न बघता मुलाला फोनही लावला. मुलाने मावशीला कळवलं, मावशीने शेजाऱ्यांना, आणि शेजारी चप्पल न घालताच आले. शेवटी सरांनी कप टेबलावर आपटला आणि ओरडले, “हा चहा आहे की गरम पाणी? पांचट नुसता!” तेव्हा कुठे काकूंचा जीव भांड्यात पडला. शेजाऱ्यांना त्यांनी तोच चहा दिला.

दुसऱ्या दिवशीच्या राउंडला सगळे जमले. चिमणीकडे एक सुतार दाखल झाला होता, धाप लागून. तिने त्याची सगळी हकीकत मांडली: करवतीचा भुसा किती वर्षं छातीत गेला, जिन्याच्या कितव्या पायरीवर थांबावं लागतं, रात्री उशा किती लागतात. मांडून झाल्यावर तिने सवयीने मान खाली घातली आणि तोफेची वाट बघू लागली.

सरांनी खिशातला फोन नीट केला. “वा,” ते म्हणाले. “फार छान मांडलंत तुम्ही.”

चिमणी पांढरीफटक पडली.

“दमला असाल,” सर पुढे म्हणाले, कारण पाठ केलेलं पुरं करायलाच हवं होतं. “बसा. मी बघतो.”

खाटेवरचा सुतार कोपरावर उठून बसला. वॉर्डात राहून त्यालाही रीत कळली होती. “डॉक्टर,” तो कापऱ्या आवाजात म्हणाला, “माझं काही बरंवाईट आहे का? खरं काय ते सांगा. पोरीवर ओरडत का नाही तुम्ही?”

सर पटकन पुढच्या खाटेकडे वळले. तिथे जावईबापू होते. “तुम्ही,” सर म्हणाले, आणि थांबले. इतक्या दिवसांची जीभ एकदम वळेना. “तू! गाढवा! हा हात पेशंटच्या पोटावर ठेवलायस की टेबलावर? चपटा ठेव. अजून वर. आता त्याला श्वास घेऊ दे. लागलं काही बोटाला?”

“ला... लागलं, सर!”

“काय लागलं?”

“लिव्हर, सर!”

“मग इतके दिवस ते काय गावाला गेलं होतं?”

जावईबापूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “सर, मला... मला गाढव म्हणालात?”

“म्हणालो. आणि उद्यापर्यंत या पोटात आणखी काय काय आहे ते सांगितलं नाहीस, तर आणखी म्हणेन.”

त्या दुपारी जावईबापूंनी सगळ्या वॉर्डाला चहा पाजला. ज्यांना चहा वर्ज्य होता त्यांची हात जोडून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी सर यायच्या आत ते वॉर्डात हजर होते, इस्त्री मोडलेली, आणि पोटांमागून पोटं तपासत होते. सर रोज ओरडत, आणि ओरडताना सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्यामुळे रोज काहीतरी शिकवत. रागवायचं म्हणजे आधी समोरच्याची चूक शोधावी लागते, मग ती नेमकी सांगावी लागते. फुकट येत नाही ते. दोन महिन्यांत जावईबापू स्टेथोस्कोप कातडीवर लावू लागले, आणि एकदा तर सरांच्याही आधी त्यांनी एका शिंप्याच्या छातीतलं पाणी ओळखलं. कानात मात्र त्यांचे गुण धाडधाड खाली येत होते. जितका माणूस सुधारला, तितका लाल झाला.

आणि चिमणी हिरवीगार होत होती, आणि खंगत होती.

पहिल्याच दिवशी तिने घरी फोन केला होता. “आई, सरांनी मला ‘वा’ म्हटलं.” पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, “तू जेवून घे आधी. आपण काहीतरी मार्ग काढू.” पण मार्ग काय निघणार? रोज राउंडला सर तिला बसा म्हणत, छान म्हणत, दमलात का विचारत. कानासाठी सर जीभ वळवतील, हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. तिला वाटलं, आपल्या हातून काहीतरी भयंकर घडलंय आणि सर ते पोटात घालताहेत. मग ती प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा तपासू लागली. साध्या सर्दीपाठी पाच रोग लिहू लागली. आपल्याच हातांवरचा तिचा विश्वास उडाला. सरांना ते दिसत होतं. ओरडायला तोंड उघडायचं, आणि खिशातला फोन आठवून मिटायचं. न रागावल्यामुळे सरांचं ब्लडप्रेशर वाढलं, हे मेडिसिनच्या कुठल्याच पुस्तकात नसलेलं निदान सिस्टरनी केलं. “करायला गेलात गणपती आणि झाला मारुती,” त्या म्हणाल्या.

“आजचा दिवस,” सर म्हणाले. “आज तिमाही संपते. ती परीक्षेला बसली की मी सगळं उट्टं काढतो.”

त्याच दुपारी चिमणी सरांच्या खोलीत आली. हातात ॲप्रन घडी करून घेतलेला होता.

“सर, मी कोर्स सोडतेय.”

“का?” सर उभेच राहिले.

“माझ्याकडून होणार नाही, सर. तुम्हालाही कळलंय ते. तुम्ही चांगले आहात म्हणून बोलत नाही.”

आता सांगायलाच हवं, हे सरांना कळलं. त्यांनी टेबलाचा कोपरा धरला. “हे बघा, चिमणी... म्हणजे तुम्ही... तुम्ही फार... बऱ्या आहात.”

चिमणीच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. “थँक्यू सर. तुम्ही नेहमीच असं छान बोलता.”

“अहो, खरंच! उत्तम आहात. हुशार आहात.”

“कळतंय मला, सर. नका एवढं समजावू. येते मी.” तिने ॲप्रन टेबलावर ठेवला आणि ती दाराकडे वळली.

सरांच्या आत काहीतरी तुटलं. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

“थांब, बिनडोक कुठली!”

चिमणी जागच्या जागी थबकली.

“अकलेचा कांदा! कोर्स सोडतेय म्हणे! तीन वर्षं हा घसा कोरडा केला तो काय भिंतींसाठी? त्या गावातली माणसं काय तुझी वाट बघत खोकत बसू देत? अगं मूर्ख मुली, ज्याच्याकडून काही होणार नाही त्याच्याशी मी गोड बोलतो! तुझ्याशी गोड बोलता बोलता माझं प्रेशर वाढलंय, बघ लावून! उद्या मला धाप लागली तर या एवढ्या मोठ्या इमारतीत मी कोणाला हाक मारीन, सांग? डीनला? या खिशातल्या फोनला? तुला मारीन! तुझ्या हातात हात देईन मी! आणि तू अंगठ्याने नाडी बघितलीस तर तशा अवस्थेत उठून कान धरीन तुझा! कळलं?”

“कळलं, सर!” चिमणी रडत होती आणि तिचा चेहरा दिव्यासारखा उजळला होता.

“मग ॲप्रन कोण घालणार? तुझा मामा? चल, नीघ! तो सुतार पुन्हा धाप लागून आलाय ना, त्याला आज घरी सोडायचंय, श्वासाचा पंप कसा ओढायचा ते नीट शिकव!”

ती धावत गेली. बाहेर सिस्टरनी तिला विचारलंही नाही. आवाज वॉर्डभर ऐकू आला होता. सुतार तर उठून उभा राहिला होता.

सर खुर्चीत बसले. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं. आणि मग खिशात फोन टुंग वाजला. तिमाही संपली होती. चिमणी यादीच्या तळाशी होती. लालच नव्हे, पुढे उद्गारचिन्हही होतं. एका दमात एवढे अपमान कानाने आधी कधी मोजले नव्हते, तिमाहीभराची सगळी कमाई त्यात वाहून गेली होती.

मॅडमचा निरोप आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी. सर गेले तेव्हा मॅडमच्या टेबलावर सरांचाच आवाज चालू होता. “...ज्याच्याकडून काही होणार नाही त्याच्याशी मी गोड बोलतो!” मॅडमनी तो थांबवला. मागे नेऊन पुन्हा लावला. पुन्हा थांबवला.

“सर, लाल शेरा कायम व्हायला माझी सही लागते,” त्या म्हणाल्या. “ती मी करत नाही. मी दोन वेळा हे सगळं ऐकलं. चिमणी परीक्षेला बसेल. आणि यापुढे रेकॉर्डिंग माणसाने ऐकल्याशिवाय कोणी लाल होणार नाही.”

सरांनी सुटकेचा श्वास सोडला. “फार उपकार झाले. खरंच, तुम्ही फार समजूतदार—”

“नका,” मॅडम म्हणाल्या. “माझ्याशी गोड बोलू नका, सर.”

मॅडम पेपरवेट फिरवत होत्या. “तीन वर्षं मी तुमच्या वॉर्डात होते. तुम्ही मला बसा म्हणायचात. दमलात का विचारायचात. मला वाटायचं, मी तुमची लाडकी. बाकीचे बिचारे शिव्या खातात. घरी अभिमानाने सांगायचे मी. म्हणून तर हे ॲप आणलं. म्हटलं, मला जे मिळालं ते सगळ्यांना मिळू दे.” त्या जरा थांबल्या. “वॉर्डात मला काय नाव होतं, सर?”

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. “विहीणबाई,” ते पुटपुटले.

“बरोबर आहे. म्हणूनच मी पुढे आले की सगळे बाजूला व्हायचे.” मॅडम हसल्या, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

सरांना मनापासून वाईट वाटलं. “तुमच्या बाबतीत मी आशा सोडली नव्हती,” ते म्हणाले. “पहिल्या राउंडला मी ओरडलो आणि तुमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी घाबरलो. म्हटलं, आज राहू दे, उद्या ओरडू. रोज वाटायचं, उद्या. मग तुम्ही पास होऊन गेलात.”

“चिमणी नाही रडत?”

“रोज रडते. रडत रडत उत्तर देते.”

“मीही दिलं असतं, सर,” मॅडम हळूच म्हणाल्या. “तुम्ही जरा थांबायला हवं होतं.”

सरांनी ते फिरणारं पेपरवेट तळहाताने थांबवलं. मग एकदम म्हणाले, “पेशंट आलाय.”

“कुठे?”

“समोर बसलाय तुझ्या! दोन्ही पायांना सूज आहे. चाललं की धाप लागते. काय बघशील?”

मॅडम आपोआप ताठ बसल्या. “पाय, सर. बोटाने दाबून बघेन, खळगा पडतो का.”

“मग?”

“मग... लघवी तपासायला पाठवेन.”

“आणि मान?” सरांचा हात टेबलावर आदळला, पेपरवेट उडालं. “मान काय पेशंट घरी ठेवून आलाय? मानेची शीर कोण बघणार, तुझा तो फोन? गाढव कुठली! एवढी मोठी खुर्ची घेऊन बसलीस आणि पेशंटच्या मानेकडे बघता येत नाही?”

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी आलं. अगदी घळाघळा. सरांचा आवाज अडखळला. ‘राहू द्या, बसा’ हे शब्द ओठांपर्यंत आले. ते त्यांनी गिळले, आणि ते थांबले.

“मानेची शीर,” मॅडम नाक पुसत म्हणाल्या, “पेशंटला तिरपं टेकवून बघायची, सर. फुगलेली दिसली, तर आधी हृदयाकडे वळायचं.”

“मग हे आधी सांगायला काय धाड भरली होती? पुढे बोल! हृदयाकडे वळलीस, आता कान कुठे लावशील?”

बाहेर बैठकीला आलेली मंडळी दाराशी खोळंबली होती. आतून सरांचा गडगडाट आणि मधूनमधून मॅडमचा बारीक आवाज येत होता. त्यांतल्या एकाने घड्याळ बघत कारकुनाला विचारलं, “काय हो, मॅडम मोकळ्या कधी होतील?”

कारकून या इमारतीत जुना होता. त्याने क्षणभर आतला आवाज ऐकला आणि बैठकीचे कागद बाजूला ठेवून दिले.

“आज काही खरं नाही, साहेब,” तो म्हणाला. “मॅडम राउंडवर आहेत.”